किशोरांच्या सवयींसाठी मोबाइल कामी लावावा

महोदय,

किशोरवयीन मुलांच्या हातातील मोबाइलविषयी घरोघरी आणि पालकसभांत जी चर्चा होते, ती बहुधा ‘तो काढून घ्या’ या एकाच सूचनेपाशी येऊन थांबते. नववी-दहावीच्या वर्गांना शिकवताना मला ही सूचना अपुरी वाटत आली आहे. झोप, आहार आणि व्यायाम यांच्या सवयी ज्या वयात जडतात, त्याच वयात हे उपकरण मुलांच्या हाती आले आहे. त्याचा चांगल्या सवयींसाठी उपयोग करून घेण्यास आपण त्यांना शिकवले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी. संघटनेच्या संशोधकांनी 2016 सालासाठी काढलेल्या अंदाजानुसार 11 ते 17 वयोगटातील जगातील 81 टक्के आणि भारतातील सुमारे 74 टक्के मुले एवढी हालचाल करत नव्हती, आणि जगभरात मुलींची स्थिती मुलांपेक्षा अधिक चिंताजनक होती. दहावीच्या वर्षी खेळाचा तास गणिताला दिला जातो, संध्याकाळ शिकवणीत जाते आणि रात्रीचे जागरण तर अभ्यासूपणाचे लक्षण मानले जाते, हे आपण सारे जाणतोच.

या परिस्थितीत पावले मोजणारे साधे ॲप, झोपेची वेळ झाल्याची सूचना देणारा गजर किंवा 29 ऑगस्ट 2021 रोजी केंद्र सरकारने सुरू केलेले मोफत ‘फिट इंडिया’ ॲप यांची मदत होऊ शकते. मात्र साधन निवडताना मोठ्यांनी सोबत बसायला हवे, कारण अनेक ॲप ‘सलग इतके दिवस’ या मोजणीवर चालतात. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि मूल ते कायमचे सोडून देते. वास्तविक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी प्रौढांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगायला हवी.

उष्मांक मोजणारी आणि वजन घटवण्याचे लक्ष्य देणारी ॲप मात्र या वयात नकोतच, असे माझे ठाम मत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 19 वर्षे वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यांना जेवण कमी करायला सांगणाऱ्या ॲपपेक्षा, सरकारी योजनेतून मिळणारी लोहाची साप्ताहिक निळी गोळी ठरलेल्या वारी जेवणानंतर घेण्याची आठवण करून देणारा मोबाइलचा गजर शतपटीने हितकारक आहे.

एकट्या मुलावर सवयीचे ओझे टाकून ती टिकत नाही, हे आमच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ओळखले. तेथे 2022 मध्ये ग्रामस्थांनी ठरवले, की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचे. नियम मोठ्यांनाही लागू असल्यामुळे त्याला वजन आले. मुलाने रात्री दहाला मोबाइल बाजूला ठेवावा असे वाटत असेल, तर त्या वेळी आईवडिलांच्या हातातही तो दिसता कामा नये. चालण्याची नोंदही घरातील सर्वांनी किंवा चार मैत्रिणींनी मिळून ठेवली, तर ती अधिक काळ टिकते.

शिक्षण विभागाने शाळांसाठी अशा साधनांची मराठीतून निवडक यादी तयार करावी, अशी माझी विनंती आहे. या साधनांत विद्यार्थ्यांची क्रमवारी नसावी आणि वजनाचा आकडा वर्गात जाहीर होऊ नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. एखादे ॲप सुचवण्यापूर्वी शाळांनी या दृष्टीने ते तपासावे. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलांसाठी सवयींची हीच नोंद वर्गातील तक्त्यावर किंवा वहीत करण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी.

– एक माध्यमिक शिक्षिका, विटा (जि. सांगली)