प्रश्न कुठे गेला, दिल्या?

कराड
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी तू 'कौन बनेगा करोडपती'मधल्या त्या मुलाची क्लिप पाठवलीस, खाली लिहिलंस, 'बघ काय आगाऊ कार्टं!' मी तेव्हा उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, कामात असेल. कामात नव्हतो. अंगठ्यानं दोन ओळी टाइप करून भागेल असं ते नव्हतं, आणि फोनवर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता. म्हणून कागद घेऊन बसलो. आपण शेवटचं पत्र एकमेकांना कधी लिहिलं तेही आठवत नाही, पण हा विषय आपल्या दोघांचा जुना आहे.

तो गुजरातचा मुलगा पाचवीत शिकतो. मी तो भाग पूर्ण पाहिलाय. नियम समजावू नका, मला माहीत आहेत, असं तो अमिताभ बच्चनना म्हणाला. पर्याय ऐकायच्या आधीच 'लॉक करा' म्हणायची घाई करत होता. वाल्मीकी रामायणातलं पहिलं कांड कोणतं, या प्रश्नावर बालकांडाऐवजी अयोध्याकांड म्हणाला आणि रिकाम्या हातानं परत गेला. उद्धटपणा होता का? थोडा होता. पण दिल्या, दहा वर्षांचं पोर ते. आपल्या घरातलं पोर पाहुण्यांसमोर असं वागलं तर आपण त्याला आत नेऊन चार शब्द सुनावतो, चव्हाट्यावर नेत नाही. इथे काय झालं? दोन-चार वाक्यं कापून काढली, त्यांच्या बातम्या झाल्या, मग लोक काय काय बोलले त्याच्या बातम्या झाल्या. मुलाचे संस्कार, आईबाप, सगळं निघालं. एखाद्याला शिव्या पडतायत हीच बातमी म्हणून छापायची, म्हणजे शिवी आपण दिली नाही असंही म्हणता येतं. मला याचा खरोखर संताप आला. आणि तुझ्यासारखा माणूस ती क्लिप पुढे ढकलतो याचं वाईट वाटलं. हे स्पष्टच लिहितो, कारण तुझ्याशी आडून बोलायची सवय मला नाही.

तुला कोल्हापूरचं हॉस्टेल आठवतं ना? जुलै २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि रात्री नऊ वाजता हॉलमधल्या त्या एका टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नसायची. ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे एक कोटीच्या प्रश्नावर पोचले, तो भाग तर मी जन्मात विसरणार नाही. मुंबईचा मराठी मुलगा, यूपीएससीची तयारी करणारा, म्हणजे तुझ्यासारखाच. प्रश्न असा होता की संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी राज्यघटना यांपैकी कोणाला देते. पर्याय वाचून व्हायच्या आत तू मागून ओरडलास, 'ॲटर्नी जनरल! कलम अठ्ठ्याऐंशी!' सगळा हॉल वळून तुझ्याकडे बघायला लागला. पुढे नवाथेंचं उत्तर बरोबर निघालं आणि पोरांनी तुलाच खांद्यावर घेतलं. कोटी रुपये त्यांना मिळाले, पण त्या रात्री तुझा चेहरा जसा फुलला होता तसा मी नंतर तुझ्या लग्नातच पाहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. ती रात्र प्रश्नाची होती. बातम्यांमधून नेमका प्रश्नच गायब होतो.

सुशील कुमारचं बघ. बिहारमधलं मोतिहारी. मनरेगाच्या कामावर संगणक चालवणारा, महिना सहा हजार पगार. २०११ मध्ये पाच कोटी जिंकला. आज कोणालाही विचार, पाच कोटी सांगतील, पगार सांगतील आणि हमखास गायी सांगतील. शेवटचा प्रश्न काय होता ते विचार, कोणी सांगणार नाही. १८६८ मध्ये निकोबार बेटं ब्रिटिशांना विकून भारतातला आपला संबंध कोणत्या वसाहतवादी देशानं संपवला? डेन्मार्क. किती सुंदर प्रश्न आहे हा! आपल्याला शाळेत पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज शिकवले, डेन लोकांना एका ओळीत उरकलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगंबाडी त्यांचं होतं, बंगालमधलं सेरामपूर त्यांचं होतं. ही दोन्ही त्यांनी १८४५ मध्ये इंग्रजांना विकली, निकोबार तेवढं मागे राहिलं होतं. एका प्रश्नानं मी आठ दिवस नकाशे चाळत बसलो होतो. मोतिहारीतल्या एका तरुणाला हे ठाऊक होतं, ते त्याला कुठून ठाऊक झालं, तो काय वाचत होता, कोणाकडून पुस्तकं आणत होता, हे मला वाचायचं होतं.

त्याऐवजी पुढे गायींची बातमी आली. सुशील कुमारनं स्वतः २०२० मध्ये सगळं सविस्तर लिहिलं होतं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं. पत्रकार सारखे विचारायचे, सध्या काय करता? बेकार दिसू नये म्हणून तो एकेक धंदा सुरू करायचा, म्हणजे सांगायला काहीतरी असावं. ते धंदे बुडायचे. मग एका बातमीदाराच्या प्रश्नानं डोकं फिरलं आणि रागाच्या भरात म्हणाला, पैसे संपले, दोन गायी पाळल्यात, दूध विकून पोट भरतो. झालं! देशभर छापून आलं. बोलावणारे लोक दूर झाले. विचार कर, बातमीत नीट दिसावं म्हणून माणूस धंदे काढत होता, आणि त्रासून बोललेलं एक वाक्य त्याच्या कपाळावर कायमचं गोंदलं गेलं. नंतर त्यानं चंपारण भागात चाफ्याची रोपं लावली, शिक्षकाची परीक्षा दिली, शिक्षक झाला. त्याच्याही बातम्या आल्या, पण गायींइतक्या त्या कोणाच्या लक्षात राहिल्या?

आपल्याकडचंच घे. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, २०१९. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजार मानधन, एक कोटी जिंकल्या. मथळ्यात खिचडी आली, दीड हजार आले, मोबाइल घ्यायचाय म्हणाल्या तेही आलं. १८५७ च्या उठावावर 'दास्तान-ए-गदर' लिहिणारा मुघल दरबारातला कवी जहीर देहलवी, हे त्या बाईंना माहीत होतं. तुला माहीत होतं? मला नव्हतं. त्या ज्ञानाची बातमी करायला कोणाचं काय अडलं होतं?

यावर आमच्या कृष्णाकाठच्या फिरायच्या ग्रुपात एकदा बरीच वादावादी झाली. एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, मीही त्यांना काकाच म्हणतो. ते म्हणाले, 'अरे, पण दीड हजार छापलं म्हणून तर लोकांना कळलं की पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांना आपण काय देतो.' हे मला पटलं. मानधन छापायलाच हवं. पण मग त्याच्या मागे लागा ना! एवढ्या मानधनात एवढ्या पोरांचा स्वयंपाक करवून घेतला जातो, त्याचा जाब कोणाला तरी विचारा. नुसतं 'दीड हजारवरून एक कोटी' असं म्हटलं की गरिबी ही गोष्टीची पहिली पायरी होते आणि सगळ्यांना छान वाटतं. काकाही मग गप्प झाले.

तुला एक आतली गोष्ट सांगतो. माझ्या शाळेतल्या एक बाई आपल्या मराठी 'करोडपती' कार्यक्रमात हॉट सीटपर्यंत पोचल्या होत्या. काही लाख जिंकून आल्या. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राचा माणूस घरी आला, योगायोगानं मी तिथंच होतो. बाईंनी त्याच्यासमोर सतरा वह्या मांडल्या. शंभर पानी, खाकी कव्हर घातलेल्या, वर शाईनं विषय लिहिलेले: नद्या, घटनादुरुस्त्या, नोबेल, क्रिकेट. समासात तारखा. बारा वर्षांची मेहनत होती ती. त्यानं एक वही उचलली, उघडलीसुद्धा नाही, आणि म्हणाला, 'मॅडम, चुलीपाशी एक फोटो घेऊया का?' घरात गॅस आहे हो, बाई म्हणाल्या. मागच्या अंगणात पाणी तापवायची चूल होती, त्यानं ती शोधून काढली. बाईंना तिथं बसवलं, हातात फुंकणी दिली. बातमी आली तेव्हा वह्यांचा उल्लेख नव्हता. बाईंनी ते कात्रण मला दाखवलं आणि घडी घालून नोबेलच्या वहीत ठेवून दिलं, एक शब्द बोलल्या नाहीत.

आणखी एका शब्दावर माझा फार राग आहे: 'हरला'. एक कोटी जिंकून सात कोटींच्या प्रश्नावर खेळ सोडला की लगेच मथळा, '७ कोटींच्या प्रश्नावर हरला, तुम्हाला येतं का उत्तर?' अरे, सोडणं म्हणजे हरणं नव्हे! ताडेबाईंच्या वेळचा हिशेब मांड. उत्तर चुकलं तर एक कोटीवरून थेट तीन लाख वीस हजारांवर. शहाण्णव लाख ऐंशी हजार एका श्वासात गेले. कागदावर गणित केलंस तर डोळे मिटून मारलेला अंदाजसुद्धा सरासरीत पावणेदोन कोटींच्या वर जातो, मी करून पाहिलंय. पण सरासरी हजार वेळा खेळणाऱ्याला उपयोगी. त्या खुर्चीत माणूस एकदाच बसतो, आणि चारांतल्या तीन वेळा त्याचं घर, पोरांचं शिक्षण सगळं परत जाणार असतं. हातचं सोडून पळत्यामागे लागू नये हे त्याला त्या दिव्यांखाली, त्या संगीतात कळतं, ही केवढी हिंमत आहे! त्यावर लिहा ना कोणीतरी. आणि बक्षिसावर तीस टक्के कर, वर अधिभार आणि उपकर कापला जातो, हेही मथळ्याशेजारी लिहा, म्हणजे विजेत्याच्या दारात उसने मागणाऱ्यांची रांग थोडी तरी कमी होईल.

लिहिता येत नाही असं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच कार्यक्रमातल्या एका प्रश्नात औरंगजेबाला 'मुघल सम्राट' म्हटलं आणि पर्यायांत शिवाजी महाराजांचा नुसता एकेरी उल्लेख केला, तेव्हा प्रश्नाचा शब्द न् शब्द तपासला गेला. चूक होती, माफी मागावी लागली, ते योग्यच झालं. म्हणजे प्रश्न वाचता येतो. रोज वाचत नाहीत एवढंच.

मराठी कार्यक्रमाबद्दल तर बोलायलाच नको. सचिन खेडेकर किती आपुलकीनं स्पर्धकाला बोलतं करायचे, नागराज मंजुळेंच्या २०१९ च्या पर्वात खेड्यापाड्यांतली माणसं किती मोकळी बसायची. त्यातलं मला आजही कितीतरी आठवतं. बाहेर त्याची दखल मात्र सेलिब्रिटी पाहुणा आला तरच.

असो. चार पानं झाली, हात दुखायला लागला. ती क्लिप तू आणखी कुठे पाठवली असशील तर काढून टाक, माझ्यासाठी एवढं कर. आणि तुझी राज्यघटनेची जुनी वही अजून असेल तर शोधून ठेव. आमच्या बाईंना मी तुझा हॉस्टेलचा किस्सा सांगितला. त्या हसल्या आणि लगेच म्हणाल्या, 'कलम अठ्ठ्याऐंशी येतं ना तुमच्या मित्राला? मग विचारा, महान्यायवादी, म्हणजे ॲटर्नी जनरल, संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, पण काय करू शकत नाहीत?'

मी त्यांना म्हटलं, दिल्याच सांगेल. फोन करू नकोस, पत्रानंच कळव. मोबाइलवर शोधायचं नाही.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
रव्या