ताई, सी-लुक-वॉचसाठी थँक्यू

नमस्कार ताई,

संध्याकाळच्या क्लासमध्ये तुम्ही आम्हा बायकांना एक पैसा न घेता इंग्लिश शिकवलंत त्याचे आभार नीट मानायचे राहूनच गेले, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

डिक्शनरी उघडली की सी, लुक, वॉच तिघांपुढे 'पाहणे', मग कुठला कुठे वापरायचा ते कसं कळणार? तुम्ही डिक्शनरी मिटायला लावलीत आणि विचारलंत, खिडकीतून डोंगर दिसतो की तू डोंगराकडे बघतेस? नुसता दिसतो तिथे सी, मुद्दाम नजर वळवतेस तिथे लुक ॲट, आणि मॅचसारखं काही चालू असताना नजर लावून बसतेस ते वॉच. तसंच कानावर पडतं ते हिअर, कान देऊन ऐकतो ते लिसन टू. म्हणजे फरक आपल्याकडे होताच की! दिसणं आपण मुद्दाम करत नाही म्हणून 'आय ॲम सीइंग द माउंटन' म्हणत नाहीत हेही तेव्हाच डोक्यात बसलं. (डॉक्टरच्या बाबतीत सीइंग चालतं, कारण तिथे सी म्हणजे भेटणं.)

से आणि टेलचं तर विचारूच नका. टेलला माणूस लगेच चिकटतो, टेल मी, टेल हिम, पण सेला मध्ये टू लागतो, 'सेड मी' कधीच नाही. आपण 'मला म्हणाला' आणि 'मला सांगितलं' दोन्हीकडे 'मला'च लावतो ना, तिथेच सगळी गडबड, हे आधी कोणी दाखवलंच नव्हतं. बॉरो-लेंडला तुमची साखरेची वाटी पुरली, मागायला आलेली शेजारीण बॉरो करते आणि देणारी लेंड.

मेक आणि डूला मात्र आपलं एकच 'करणे', त्यात चहा मेक, भांडी डू, चूक मेक, होमवर्क डू. काही नवीन तयार होतं तिथे मेक आणि काम उरकायचं तिथे डू, एवढं साधारण जमतं, पुढे जोड्या पाठच करा, असं तुम्ही सरळ सांगून टाकलंत आणि मला तेच सगळ्यात आवडलं, नाहीतर क्लासवाले कशालाही नियम बनवून देतात आणि तो दुसऱ्या दिवशी मोडतो.

पुढची बॅच काढलीत तर कळवा हं. माझी जाऊ यायचं म्हणतेय, तिला ब्रिंग आणि टेक छळतात. आणणं नि नेणं एवढं धरून ठेव म्हटलं, बाकी ताई बघतील.