विहिरींच्या पाण्याची रासायनिक तपासणी व्हावी

महोदय,

पावसाळ्यात गोव्यातल्या आमच्या डिचोलीतील विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली आणि पाणी उकळून, फडक्यातून गाळून घेतले की घरची मंडळी निर्धास्त होतात. परंतु उकळल्याने जंतू मरतात, पाण्यात विरघळलेली आर्सेनिक वा नायट्रेटसारखी घातक रसायने जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे दीर्घकाळात त्वचा, फुप्फुस व मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. म्हणूनच भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरमागे अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे. तांब्यातले नितळ पाणी पाहून हे कळणार कसे? खाणपट्ट्यातील आणि कुळागरांलगतच्या (सुपारी-नारळाच्या बागांजवळच्या) घरगुती विहिरींची पावसाळ्यापूर्वी व नंतर रासायनिक तपासणी करून तिचा अहवाल पंचायतीच्या फलकावर लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डिचोली