पंप सातबारा ठरवतो, पाणी विहीर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरात महावितरणला गिनीजचे प्रमाणपत्र मिळाले. एका महिन्यात ४५,९११ सौर कृषी पंप. आनंदाचीच गोष्ट आहे. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची, आणि रात्री दोनला बॅटरीच्या उजेडात बांधावरून स्टार्टरपर्यंत जायचे, हे ज्या शिवारात थांबले तिथे या पंपांना कुणी नावे ठेवणार नाही. शंका एवढीच, की प्रमाणपत्र देणाऱ्यांनी पंप मोजले. ते ज्या विहिरींत सोडले त्यांचे पाणी कुणी मोजले का?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंपाची ताकद जमिनीवर ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. सर्वसाधारण गटाने दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. सातबाऱ्यावर क्षेत्र छापलेलेच असते, त्यामुळे कारकुनी सोपी. पण मोटरला सातबारा वाचता येत नाही. पाणी किती खोलातून उचलायचे आणि ते किती येते, एवढेच तिला कळते.

आधी खोलीचे बघू. हजार लिटर पाणी १०० मीटर वर आणायला निव्वळ ०.२७ युनिट लागते. मोटर, पंप, पाइप आणि कंट्रोलर (पॅनलची वीज मोटरला जुळवून देणारा डबा) यांचा तोटा धरला की ते ०.६ च्या घरात जाते. ३ अश्वशक्तीच्या संचाला तीन किलोवॉटचे पॅनल असतात आणि चांगल्या उन्हाच्या दिवशी ते बारा-तेरा युनिट देतात. म्हणजे शंभर मीटरवरून दिवसाला साधारण वीस हजार लिटर. एका एकरात एक इंच पाणी द्यायला एक लाख तीन हजार लिटर लागतात. पाच दिवस झाले! तेवढ्याच ताकदीचा, पण ३० मीटर हेडचा, म्हणजे तेवढ्या उंचीवर पाणी चढवण्यासाठी बनवलेला, पंप उथळ विहिरीवर हेच काम दीड-पावणेदोन दिवसांत करतो. शेजाऱ्याचा पंप धो-धो पाणी फेकतो आणि आपला करंगळीएवढी धार देतो, तेव्हा कंपनीला शिव्या देण्याआधी दोन्ही पाट्यांवरचा ‘हेड’चा आकडा वाचावा.

अर्जात खोली लिहितानाही घोळ होतो. बोअर किती फूट पाडला हा आकडा इथे फारसा कामाचा नाही. एप्रिलमध्ये मोटर चालू असताना पाणी जिथे उतरून थांबते ती पातळी धरायची. तिच्यात पाइपातले घर्षण मिळवायचे. ठिबक असेल तर एक किलो दाबाचे आणखी दहा मीटर, आणि वाळूचा फिल्टर असेल तर त्याचे पाच. हे न धरता घेतलेला ५० मीटरचा पंप ऑगस्टमध्ये हसतो आणि मार्चमध्ये रुसतो. कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहीर ‘खोल विहीर’ ठरते आणि शेतीसाठी ती पाडण्यावर निर्बंध आहेत. तरी बोअरची गाडी गावात शिरली की दोनशे फुटांवर थांबलेली कुणी पाहिली असेल, तर त्यांचा सत्कार व्हावा.

ढगाळ दिवसाची तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते : ‘मोटर फिरते, पण पाणी येत नाही.’ यात बिघाड काहीच नसतो. ऊन मंदावून मोटरचे फेरे ८० टक्क्यांवर आले की पंपाची उचल ६४ टक्क्यांवर येते, कारण उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पंप हेडच्या अगदी काठावर निवडला असेल तर पाणी पाइपात निम्म्यापर्यंत चढून तिथेच लोंबकळते. मोटर मात्र इमानदारीने फिरत राहते आणि पंपातले तेच पाणी घुसळून तापवते. म्हणून हेड निवडताना वीस-पंचवीस टक्के हात राखून घ्यावा.

पण खरे दुखणे पाण्याच्या आवकीत आहे. मराठवाडा बसाल्टवर बसला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांत. खाली तलाव नाही, फक्त झिरपा. आपल्याकडची २० फूट व्यासाची विहीर घ्या. तिच्यात एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. जानेवारीत पूर्ण उपसल्यावर चोवीस तासांत ती सहा फूट भरली, तर विहिरीचे उत्पन्न दिवसाला ५३ हजार लिटर. पाच एकरवाल्याला मिळालेला ५ अश्वशक्तीचा पंप ६० फुटांवरून दिवसाला दीड लाख लिटर ओढू शकतो. म्हणजे पगार ५३ हजार आणि खर्चाची ऐपत दीड लाख. घरात असे चालते की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

पूर्वी या भानगडीवर एक उतारा होता, भारनियमन. ते आपले सर्वांत यशस्वी भूजल धोरण होते, फक्त कुणी ठरवून आखलेले नव्हते. आता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या जोडण्यांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे आणि सौरपंपाला तर बिलच नाही. ऊन आले की मोटर आपोआप सुरू, मावळले की बंद. मधल्या वेळेत ती बंद करावी असे खिशाला कधी वाटतच नाही.

मग विहीर दहा वाजताच तळाला जाते. कंट्रोलर करंट उतरलेला पाहून ‘ड्राय रन’ (पंप कोरडा फिरतोय) दाखवतो आणि मोटर थांबवतो. थोड्या वेळाने पुन्हा चालू करून पाहतो, पुन्हा बंद. दिवसातून वीस-पंचवीस वेळा असे झाले की सबमर्सिबलचे थ्रस्ट बेअरिंग (पंपाचा भार पेलणारे बेअरिंग) आधी जाते आणि मागोमाग वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी. पाच वर्षांच्या हमीत दुरुस्ती होते खरी, पण सहाव्या वर्षी बिल आपल्या नावाने येते. उपाय साधा आहे. वरच्या व्हॉल्व्हने धार आवळायची किंवा कंट्रोलरमध्ये कमाल फेरे कमी करून घ्यायचे, म्हणजे झिरपा आणि उपसा बरोबर चालतील. फेरे वीस टक्क्यांनी कमी केले तर मोटरला ताकद निम्मीच लागते. एवढे करण्याआधी पंपात उचलीची तेवढी सवड आहे ना, ते मात्र पाहावे. मोटर तळापासून आठ-दहा फूट वर टांगावी, गाळात बसवू नये. आणि बोअरची मोटर रुंद विहिरीत सोडणार असाल तर तिला बाहेरून पाइपचे आवरण घाला. बोअरमध्ये पाणी तिच्या अंगावरून वाहत जाऊन तिला थंड ठेवते. विहिरीत ते बाजूने येते आणि मोटर उकडते.

वीज मोफत झाली की डोके शेततळ्याकडे वळते. शेततळे पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी होते. आता बोअर ते शेततळे असा पाइप टाकून दिवसभर पाणी सोडायचे, ही मोसंबी-द्राक्षवाल्यांची रीत झाली आहे. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यावरून एप्रिल-मेमध्ये दिवसाला दहा मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे रोज नऊ हजार लिटर. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी उन्हाच्या विजेने वर काढायचे आणि उन्हातच वाळत घालायचे! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर होते. एका तळ्यातून एवढे पाणी दोन महिन्यांत हवेत जाते, आणि त्याला हिरवा झेंडा दाखवायला कुणी येत नाही.

पॅनलच्या देखभालीचे थोडक्यात. पॅनल ऊन खातात, पण उष्णता त्यांना सोसत नाही. पॅनलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्का वीज घटते. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांवर जातो, तेव्हा पंधरा टक्के गेलेच. दुपारी त्यावर गार पाणी मारू नका, काच तडकते. पहाटे पुसा, आणि बोअरचे क्षाराचे पाणी काचेवर वाळू देऊ नका. सगळे पॅनल एका माळेत जोडलेले असतात. लिंबाच्या एका फांदीची सावली एका पॅनलवर पडली तरी साऱ्या माळेला त्रास. ५ अश्वशक्तीच्या माळेत चारशे व्होल्टच्या वर डीसी दाब असतो. चालू भारावर कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, म्हणून आधी कंट्रोलर बंद, मग आयसोलेटर (पॅनलची वीज तोडणारा खटका), मग हात. काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. त्यामुळे सांगाड्याचा पाया मुरमापर्यंत गेलेला हवा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळशाबरोबर दर पंधरवड्याला बादलीभर पाणी हवे. कोरड्या अर्थिंगवरचा वीजरोधक म्हणजे नुसती शोभेची काठी, आणि आपल्याकडे वळवाच्या विजा काही लाजत नाहीत.

शासनाकडे मागणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तो आकडा आणि पंपाचा अर्ज एकाच सरकारच्या दोन कपाटांत आहेत. अर्जात एक रकाना वाढवावा : ‘फेब्रुवारीत विहीर उपसल्यावर २४ तासांत किती फूट भरते?’ ते पाहायला एक दिवस, एक दोरी आणि एक दगड लागतो. त्यावरून ३ अश्वशक्ती पुरत असेल तर पाच एकरवाल्यालाही ३ द्यावा आणि उरलेल्या पैशांत ठिबक. आणि पावसाळ्याचे चार महिने पंप जवळजवळ रिकामा असतो, तेव्हा त्याच पॅनलवर कडबाकुट्टी आणि पिठाची गिरणी चालवणारा युनिव्हर्सल कंट्रोलर संचाबरोबरच मिळावा.

आपला,
पंपदुरुस्तीच्या कामातला एक वाचक, जि. बीड