तिच्या जन्मदात्यांविषयी घरात बोलताना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई, तुझा गळा दाटून येतो आणि बाबा, तुम्ही बोलणे हवापाण्यावर नेता, म्हणून लिहून कळवते आहे. परवा वेणी घालून घेताना तुमच्या नातीने आरशात पाहत विचारले, "माझे केस कुरळे कुणामुळे?" मी म्हणाले, "बहुधा तुला जन्म देणाऱ्या आईमुळे किंवा वडिलांमुळे. मी त्यांना पाहिलेले नाही." तिला एवढे पुरले, आणि लगेच लाल रिबिनीचा हट्ट सुरू झाला.

"पोटचे लेकरू टाकणारीचा विषय कशाला काढायचा," असे आई, तू म्हणालीस ते नातीच्या मायेपोटीच, हे मी जाणते. परंतु आपले नाकडोळे आणि चण जिथून आली, त्या माणसांना घरात नावे ठेवली जात असतील, तर मूल तो दोष मुकाट्याने स्वतःलाही लावून घेते. शिवाय मूल दत्तक देणे म्हणजे टाकणे नव्हे. देशादेशांमधील दत्तकविधानाविषयी १९९३ साली झालेल्या हेग करारात, आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घ्यावी आणि ती पैसे देऊन वा दडपण आणून मिळवलेली नसावी, अशी अट आहे. आपले प्रकरण त्या करारात बसत नाही. पण अशी अट मुद्दाम घालावी लागते, यावरूनच त्या बाईवर काय काय ओढवू शकते याची कल्पना यावी.

बाबा, "तिचे तुझ्यावर फार प्रेम होते म्हणून तिने तुला दिले, असे सांगून टाकू," हा तुमचा तोडगाही मला पटत नाही. एक तर ते आपल्याला ठाऊक नाही. आणि प्रेम करणारी माणसे सोडून देतात असा अर्थ तिने काढला, तर तिला आपलीच भीती वाटू लागेल. ठाऊक आहे तेवढे सांगावे, उरलेले ठाऊक नाही म्हणावे. "पोरीने नशीब काढले" हे पाहुण्यांपुढचे वाक्यही कृपया नको. मूल आम्हाला हवे होते, तिने उपकार कसले मानायचे?

आपले आईवडील कोण हे शक्य तितके जाणण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलाला दिलेला आहे. मोठेपणी तिने शोध घ्यायचे ठरवले, तर मी तिच्यासोबत जाईन. त्यामुळे ती आपल्याला दुरावेल, ही आई, तुझी धास्ती मला समजते, पण त्या धास्तीपायी तिच्यापासून काही लपवणे मला जमणार नाही.

तिच्या कागदांची फाइल माझ्या कपाटात आहे. याल तेव्हा दोघांनी वाचा. मात्र त्यातले काही नातेवाइकांत बोलू नका. कुणाला काय सांगायचे ते पुढे तीच ठरवील.

तुमची,
लेक