मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पायांना मुंग्या येण्याविषयी लेख आला होता. लेख चांगला आहे. माझी तक्रार त्याच्या शेजारी छापलेल्या चित्राबद्दल आहे. चित्रात मज्जारज्जू पिवळ्या रंगात मेंदूपासून थेट माकडहाडापर्यंत सरळ उतरवला आहे. तो तिथवर जात नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली उतरतात त्या सुट्या नसा, घोड्याच्या शेपटासारख्या मोकळ्या.

मी ड्राफ्ट्समन. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात जन्म गेला, त्यामुळे चित्रातली चूक आधी दिसते आणि मजकूर मागाहून. पण एवढ्यासाठी मी आपल्याला तसदी दिली नसती. पायाचं दुखणं म्हणजे कंबर, हाच समज धरून बसल्यामुळे माझी सव्वादोन वर्षं गेली, म्हणून लिहितो.

सुरुवात सहीपासून झाली. बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. घरी येऊन कोऱ्या कागदावर वीस सह्या केल्या. वीसही वेगळ्या. त्याच आठवड्यात शर्टाचं वरचं बटण लागेना. काज कुठे आहे ते बोटांना कळेना, आरशात बघून लावावं लागे. तीन आठवड्यांनी आपोआप बरं वाटलं आणि मी ते विसरलो. मग काही महिन्यांनी पाय. दुखत नव्हते, हे मुद्दाम सांगतो. नुसते ताठ व्हायचे, जिना उतरताना कठड्याला हात लागायचा. चालता चालता एका पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि चार पावलं मला पत्ता नाही. हेही बारा-पंधरा दिवस टिकलं आणि ओसरलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. डॉक्टरांची वेळ मिळे त्या दिवशी मी हमखास ठणठणीत असायचो. गॅरेजच्या दारात गाडीचा आवाज बंद होतो, तसं.

हातासाठी गेलो तिथे मनगटात नस दबली असं ठरलं. रात्री लावायला पट्टा मिळाला. पायांसाठी गेलो तिथे कमरेचा एमआरआय झाला, त्यात दोन मणक्यांमधली एक गादी फुगलेली दिसली, तिच्यावर खापर फुटलं. पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले तरी निम्म्याहून जास्त जणांत फुगलेली गादी सापडते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मधल्या काळात लघवीची घाई सुरू झाली होती, आली की थांबवता येत नव्हती. त्याची तिसरी फाईल झाली, प्रोस्टेटच्या नावाने. वय बघता तेही पटण्यासारखंच. यातल्या कुणी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. ज्याने त्याने आपल्या वाट्याचा अवयव नीट तपासला. शेवटी मीच तिन्ही फायली टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा धंद्यातली गोष्ट आठवली. एका भागाची तीन ड्रॉइंगं असतात: समोरून, वरून, बाजूने. नवशिका त्यांना तीन वेगवेगळे भाग समजतो.

त्या फायली घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधी फोटो बघितलेच नाहीत. माझा हात सैल धरला आणि मधल्या बोटाचं नख टिचकी मारावी तसं खाली दाबून सोडलं. माझा अंगठा आपणहून आत वळला. पुन्हा केलं, पुन्हा वळला. मी वळवत नव्हतो! याला हॉफमनची खूण म्हणतात. मग गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय नको इतका उडाला. तळव्याच्या कडेने टाचेकडून बोटांकडे काहीतरी ओढलं, तर पायाचा अंगठा खाली जायचा तो वर गेला. ही बाबिन्स्कीची खूण, १८९६ सालापासून माहीत असलेली. दहा सेकंदांत मूठ उघड-मीट करायला लावली. वीस वेळा तरी व्हायला हवी, माझी तेरा झाली. फरशीच्या जोडावरून टाचेला बोटं लावत चाला म्हणाले. सरळ रेषेवर आयुष्य काढलेला माणूस तिसऱ्या पावलाला रेषा सोडून गेला. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील.

मग त्यांनी विचारलं, "मान खाली घातली की पाठीत करंट येतो का?" येत होता. बुटाची नाडी बांधताना मानेपासून कमरेपर्यंत सर्रकन वीज जायची. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पायांबद्दल बोलताना कुणी मानेचं विचारलं नव्हतं आणि मलाही तो संबंध सुचला नव्हता.

आपण "नस दबली" हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना वापरतो, घोळ तिथेच होतो. मणक्यातून बाहेर पडणारी एकटी नस दबली तर बहुतेक वेळा एका बाजूला कळ जाते, तो स्नायू ढिला पडतो आणि हातोडीला नीट दाद देत नाही. मज्जारज्जू स्वतः दबला तर उलट. दुखणं असेलच असं नाही. दाबाच्या खालचे स्नायू ताठरतात, हातोडीला जास्तच उडतात, तोल जातो, बोटांचं बारीक काम बिघडतं, लघवीवरचा ताबा सुटत जातो. आणि मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपत असल्यामुळे अशा पायांचं कारण कमरेच्या खालच्या भागात सापडूच शकत नाही. वर शोधावं लागतं, छातीच्या मणक्यांत किंवा मानेत. माझा जुना एमआरआय चुकीचा नव्हता. चुकीच्या मजल्याचा होता.

मानेचा एमआरआय झाला. पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दोन्ही बाजूंनी चेपलेला होता. मणक्यांमधल्या ज्या पोकळीतून मज्जारज्जू जातो तिचा व्यास १३ मिलिमीटरच्या आत असेल तर ती अरुंद समजतात. माझी त्या जागी नऊ भरली. सोबत रक्तातलं बी-१२ तपासलं, कारण ते कमी पडलं तरी मज्जारज्जू जवळपास असाच तक्रार करतो. मेंदूचाही फोटो काढला, येऊन-जाऊन होणाऱ्या लक्षणांत मल्टिपल स्क्लेरॉसिसची (मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) शंका धरावी लागते म्हणून. दोन्ही ठीक निघालं.

राहिला प्रश्न, हे येत-जात का होतं? त्याचं उत्तर माझ्या वहीत होतं. कोणत्या तारखेला काय झालं आणि त्या दिवशी काय काम केलं, एवढंच मी लिहीत आलो होतो. डॉक्टरांनी वही चाळली, मग माझ्या चष्म्याकडे बघितलं. बायफोकल. निवृत्तीनंतर मी घरी कॉम्प्युटरवर ड्रॉइंगची कामं घेतो. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणि जवळचं बघायची काच चष्म्याच्या तळाला, म्हणजे तासन् तास हनुवटी वर करून बसणं आलंच. मान मागे गेली की पोकळीच्या मागच्या बाजूचा, मणके जोडणारा पिवळा बंध दुमडून आत येतो आणि आधीच अरुंद असलेली जागा आणखी आवळते. काम आलं की आजार यायचा, काम संपलं की जायचा. एमआरआय मात्र उताणं निजवून, मान सरळ ठेवून काढतात. म्हणून मान वाकवून आणि मागे नेऊन वेगळे एक्स-रे घेतले. पडदा वीतभर खाली उतरवला आहे, चष्मा बदलला आहे. सव्वादोन वर्षांत हे मला सुचायला हवं होतं असं राहून राहून वाटतं.

लक्षणं ओसरत होती म्हणजे बरं होत होतं, असा मात्र माझा ग्रह होता, तो खोटा ठरला. हा आजार बहुधा पायऱ्यांनी उतरतो. बरेच दिवस सपाटी, मग एक पायरी खाली. वही उलटी वाचली तर दिसतं, प्रत्येक वेळी परत आलो तो आधीच्या जागी नाही, थोडा खाली. हात, पाय, संवेदना आणि लघवी मिळून १८ गुणांचं एक मोजमाप असतं, त्यात मला १३ मिळाले. म्हणजे मध्यम. अशांना ऑपरेशन सुचवतात, सौम्य असेल तर लक्ष ठेवूनही चालतं. आणखी घसरू नये हा पहिला हेतू, गेलेलं किती परत येईल ते कुणी कबूल केलेलं नाही. तारीख ठरायची आहे.

मधल्या काळात एका हितचिंतकाने मान "मोकळी करून" देणाऱ्याचा पत्ता दिला होता. मी जात होतो, गाडी चुकली म्हणून राहिलं. मज्जारज्जू दबलेला असताना मानेला झटका देणं किती धोक्याचं, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून समजलं. तसंच लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद एकाएकी गेली, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं, हेही त्यांनी बजावलं आहे.

तेव्हा विनंती इतकीच, की पुढच्या पुरवणीत ते चित्र दुरुस्त करून छापावं आणि पाय ताठत असतील तर मानही तपासून घ्या, अशी एक ओळ खाली घालावी. चित्र नव्याने काढायला कुणी नसेल तर मी काढून देतो. रेषा थोडी हलेल, पण मज्जारज्जू योग्य मणक्यापाशी थांबेल.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये)