पुसलेली माहिती खरोखर पुसली जावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'एआय' सहायकांच्या स्मरणशक्तीवरील, म्हणजे आपण सांगितलेल्या गोष्टी नोंदवून पुढच्या संभाषणांत वापरण्याच्या त्यांच्या सोयीवरील, कालच्या लेखात, ज्याला ही सोय नको असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी, उगाच बाऊ करू नये, असा सल्ला लेखकांनी दिला आहे. त्यांच्या अभ्यासाविषयी मला आदर आहे. पण ज्याच्याकडे स्वतःचा फोन, स्वतःचे खाते आणि दार लावून बसता येईल अशी खोली आहे, त्यालाच हा सल्ला लागू पडतो. मुंबईतली किती घरे अशी असतात, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

आमच्या घरी दोन खोल्यांत पाच माणसे राहतात. टॅब एकच आहे, त्यावरचे खाते मुलाच्या नावाचे आहे आणि ते सगळेच वापरतात. गेल्या श्रावणात माझ्या पत्नीने उपवासाला साबुदाण्याऐवजी काय करता येईल, असे त्या सहायकाला तोंडी विचारले. वरी आणि राजगिरा पुढे आलेच, पण त्याआधी 'गर्भधारणेसाठीची इंजेक्शने सुरू असताना फार वेळ उपाशी राहू नये' हे वाक्य साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात आले. शेजारच्या काकू तेव्हा चहा घेत बसल्या होत्या. उपचार सुनेचे होते. तिने आणि मुलाने ते घरात अजून कोणालाही सांगितले नव्हते, आणि कधी सांगायचे, मुळात सांगायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी तिचा होता. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिला हे कळले, तेव्हा तिने कोणालाच दोष दिला नाही. 'पण मी ते चॅट त्याच दिवशी डिलीट केलं होतं,' एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. (हा मजकूर तिला दाखवून, तिच्या संमतीने पाठवत आहे. पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती त्यासाठीच आहे.)

त्या रात्री मुलाने सेटिंगमधले पान शोधून काढले. तिथे इंग्रजीत एकाखाली एक नोंदी होत्या: वापरकर्त्याचे गुडघे दुखतात, वापरकर्ता गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याच्या विचारात आहे, वापरकर्ता गर्भधारणेसाठी उपचार घेत आहे. पत्नी, मुलगा आणि सून, तिघांच्या आयुष्यातल्या गोष्टी एकाच माणसाच्या म्हणून लिहून ठेवल्या होत्या. संभाषण गेले होते, त्यातून काढलेली नोंद जागच्या जागी होती.

हा एखाद्याच कंपनीचा दोष असता तर मी आपल्याला लिहिले नसते. ओपनएआयने 'चॅटजीपीटी'मध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये या सोयीची चाचणी सुरू केली आणि एप्रिल २०२५ पासून तो सहायक जुन्या संभाषणांचाही आधार घेऊ लागला. तिथेही संभाषण पुसल्याने जपलेली नोंद पुसली जात नाही, ती वेगळी काढावी लागते, हे कंपनीच सांगते. गूगलच्या 'जेमिनी'तील जी संभाषणे तपासणीसाठी माणसांच्या नजरेखालून जातात, ती आपण पुसली तरी तीन वर्षांपर्यंत राहू शकतात. २०२५ मध्ये तर अमेरिकेतील न्यायालयाच्या आदेशामुळे ओपनएआयला पुसलेली संभाषणेही काही महिने राखून ठेवावी लागली. असे असताना 'बटण आहे ना, ते दाबा' हे उत्तर पुरेसे कसे मानायचे?

आमचे फॅमिली डॉक्टर सासूलाही तपासतात आणि सुनेलाही, पण प्रत्येकीचा केसपेपर वेगळा असतो आणि एकीचा कागद दुसरीपुढे वाचला जात नाही. लाखो घरांत शिरणाऱ्या यंत्राकडून एवढी किमान अपेक्षा ठेवणे म्हणजे बाऊ करणे नव्हे. बोलणारी व्यक्ती तीच आहे याची खात्री नसेल, तर आजारपणाची जुनी नोंद मोठ्याने उच्चारली जाऊ नये. किंबहुना आरोग्याविषयीची माहिती स्पष्टपणे विचारल्याखेरीज नोंदलीच जाऊ नये. संभाषण पुसताना 'यातून घेतलेल्या नोंदीही काढायच्या का' हा प्रश्न तिथल्या तिथे, आणि मराठीत, विचारला जावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, पण कंपन्यांवरची बहुतेक बंधने नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तोपर्यंत आमच्यासारख्यांनी काय करायचे, यावर लेखात एक ओळ नाही. शिवाय कायद्याने हक्क दिला आहे तो व्यक्तीला, आणि कंपनी ओळखते ते फक्त खाते; मुलाच्या खात्यातून सुनेने आपली माहिती पुसून मागायची, तर ती कोण म्हणून मागणार?

ओघाने आणखी एक. याच कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता येण्याची तरतूद आहे, आणि मराठी त्यांत आहे. आपल्या दैनिकाचे मोबाइल अ‍ॅप मात्र अग्रलेख उघडण्यापूर्वी माझे ठिकाण जाणून घेण्याची परवानगी मागते आणि त्याच्या अटी इंग्रजीत दाखवते. अग्रलेख वाचण्यासाठी मी मुलुंडला आहे की मालाडला, हे आपणांस कळण्याचे काय प्रयोजन आहे? मराठी वाचकांच्या बळावर चालणाऱ्या दैनिकाने त्या अटी मराठीत द्याव्यात आणि ही परवानगी कशासाठी मागितली जाते, याचा खुलासा अंकात छापावा, ही विनंती.

कळावे,
आपला एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई